मधलं कोणाचं?

माझं काय आणि तुझं काय, या बाबतीत माणसं फार दक्ष असतात. कोर्टं त्यावरच चालतात आणि आमच्या बँकेतली निम्मी कपाटंही त्याच कागदांनी भरलेली आहेत. पण जे धड माझंही नाही आणि तुझंही नाही, दोघांच्या मधलं आहे, त्याचा वाली कोण, हा प्रश्न कोणी मनावर घेत नाही. दोन घरांच्या मधली नाली घ्या. वाहत असते तोवर ती कोणाचीच नसते. तुंबली की शेजाऱ्याची होते. कुंपणावरचं आंब्याचं झाड घ्या. कैऱ्या धरल्या की ते आपलं असतं आणि पाला साचला की पलीकडच्यांचं. दोन भावांचं बोलणं बंद झालं की दोघंही म्हणतात, "मी कुठं नाही म्हणतो? त्यानं बोलावं ना आधी." दोघांचीही प्रकृती उत्तम असते. मरतं ते मधलं बोलणं.

तत्त्वज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. मी बी.कॉम. आहे. आत्मा आणि परमात्मा या दोन खात्यांचा ताळा का लागत नाही, हे मला सांगता येणार नाही. पण लागत नसेल तर दोन्ही खाती बरोबर असून घोळ मधल्या नोंदीत असावा, असा माझा अंदाज आहे. वीस वर्षांच्या नोकरीत बहुतेक घोळ मी तिथेच सापडताना पाहिले आहेत. आणि त्या अंदाजावर शिक्कामोर्तब केलं ते आमच्या घरच्या कॉम्प्युटरनं.

हा कॉम्प्युटर टेबलावर बसणारा, जुन्या वळणाचा आहे. त्याचा मॉनिटर त्याहून जुना. हल्लीच्या मॉनिटरची केबल दोन्ही बाजूंनी सुटी होते. आमच्या मॉनिटरची केबल त्याच्या पोटातूनच निघते, नाळेसारखी. दिवाळीच्या साफसफाईत टेबल भिंतीपासून सरकवलं गेलं, मागचं जाळं काढलं गेलं आणि टेबल पुन्हा जागेवर आलं. संध्याकाळी बटण दाबलं तर पडद्यावर एक छोटी चौकट उगवली : 'नो सिग्नल'. ती चौकट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हिंडू लागली. बल्लारशा स्टेशनावर गाडी चुकलेला प्रवासी फलाटावर हिंडतो, अगदी तशी.

केबल दडपून कोणी बसवली याची घरात चौकशी झाली. मी त्या दिवशी बँकेत होतो आणि मस्टरवर तशी सही आहे. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बँकेत अशा वेळी फार छान सोय असते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकून ठेवायची. ती नोंद मी तिथे टाकली आणि घरात शांतता राखली. संसाराची बरीच वर्षं माणसं या खात्यावरच काढतात.

मग जाणकार आले. पहिल्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, पंखा फिरतो का पाहिलं आणि म्हणाला, "मशीन एकदम ओके आहे भाऊ. मॉनिटर गेला." दुसऱ्यानं मॉनिटर पाहिला आणि म्हणाला, "मॉनिटर ओके आहे. मशीनमध्येच काही तरी असंल." तिसरा दुकानदार होता. त्याला काही पाहायची गरजच पडली नाही. "साहेब, ह्याचे पार्टच येत नाही आता. टाकून द्या ना. सहा-सात हजारात नवा लावून देतो, एचडीएमआयवाला."

गंमत पाहा, पहिले दोघे खरं बोलत होते. मशीन ओके होतं. मॉनिटरही ओके होता. पण दोन 'ओके' शेजारी शेजारी ठेवल्यानं एक 'ओके' होत नाही, हे अंकगणित कोणाच्या लक्षात आलं नाही. मधल्या केबलचं टोक हातात घेऊन कोणी पाहिलंच नव्हतं. ते ना मशीनवाल्याचं होतं ना मॉनिटरवाल्याचं.

ते टोक मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. ज्यांच्या घरी फक्त मोबाईल आहे त्यांच्यासाठी सांगतो. या टोकाला व्हीजीए म्हणतात. आयबीएम कंपनीनं १९८७ साली आपल्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर ही पद्धत आणली. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी वगैरे बड्या कंपन्यांनी जाहीर केलं की २०१५ पर्यंत आम्ही हिला निरोप देणार. निरोप दिला गेला. पण काही मंडळी रिटायर झाल्यावरही रोज डबा घेऊन ऑफिसात येतात, तशी ही अजून आमच्यासारख्यांच्या घरात आणि कचेऱ्यांत येत असते.

टोक इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं असतं, म्हणजे उलटं बसू नये. आत तीन ओळी, एकेका ओळीत पाच जागा. पहिल्या पिनेतून लाल रंग जातो, दुसरीतून हिरवा, तिसरीतून निळा. सहावी, सातवी, आठवी या त्याच रंगांच्या परतीच्या वाटा. तेरावी आणि चौदावी रंगाचं काही काम करत नाहीत. एक सांगते ओळ कुठे सुरू करायची, दुसरी सांगते पान कुठे उलटायचं. आणि बाराव्या-पंधराव्या वाटेनं मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला कळवतो : मी कोण, माझं आकारमान किती. म्हणजे मॉनिटरलासुद्धा केवायसी चुकलेलं नाही.

आमचे शेजारी मास्तर आहेत. संस्कृतचे, निवृत्त. कुठलीही वस्तू उघडी पडलेली दिसली की ते चष्मा पुसत येतात. त्यांनी टॉर्च मारून पिना मोजल्या आणि ओरडले, "अहो, चौदाच आहेत! एक गेली!" आमची सौ. लगेच केरसुणी घेऊन टेबलाखाली वाकली. चिरंजीव दिवाळीचा कचरा उपसायला धावले. पण गेलेली जागा नववी होती, आणि ही नववी जागा आयबीएमच्या मूळ रचनेत रिकामीच होती. पुढे तिला काम मिळालं, तरी कितीतरी केबलींत ती पिन आजही नसते आणि तिच्यावाचून काही अडत नाही. सौ. केरसुणी ठेवत म्हणाली, "मुळात नसलेल्या वस्तूसाठी आख्खं घर झाडलं की मी!" मला मात्र वाटलं, हे कोणीतरी लग्नाच्या आधीच सांगायला हवं. जे नाही ते सगळंच हरवलेलं नसतं. माणसात सुद्धा एखादी पिन मुळातच नसते. ती शोधण्यात आयुष्य घालवायचं नसतं. जी आहे पण वाकली आहे, ती पाहायची.

तशा दोन होत्या. खालच्या ओळीतली मधली, तेरावी, शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. वरच्या ओळीतली मधली, तिसरी, किंचित कलली होती. बस्स. एवढ्यासाठी सहा-सात हजार.

इथे चिरंजीवांनी हरकत घेतली. ते इंजिनियरिंगला आहेत, म्हणून घरात हिशेब मी शिकलो आणि बोलतात ते. "बाबा, तुम्ही यात अख्खा रविवार घालवणार. तुमच्या पगाराचा तासाचा दर काढा, तो तीन तासांनी गुणा, आणि सांगा परवडतं का." हिशेब चोख होता. फक्त त्यात एक गृहीत धरलं होतं, की माझा रविवारचा तास विकत घ्यायला दाराशी गिऱ्हाईक उभं आहे. चाळीस वर्षं ओलांडलेल्या कारकुनाचा रविवार कोणी विकत घेत नाही. तो भाजी निवडण्यात जातो, नाहीतर पेपरातल्या त्याच बातम्या दुसऱ्यांदा वाचण्यात.

मग मी वाणिज्य शाखेचं शस्त्र काढलं. त्याला मराठीत घसारा म्हणतात. आयकराच्या नियमांत कॉम्प्युटरला दरसाल ४० टक्के घसारा आहे; पूर्वी तो ६० होता. म्हणजे २५,००० रुपयांचा कॉम्प्युटर वर्षानं १५,००० चा होतो, दोन वर्षांनी ९,००० चा, आणि दहा वर्षांनी त्याचे कागदावर १५१ रुपये उरतात. सौ. म्हणाली, "मग त्या दुकानदाराचं बरोबरच आहे." पण या पद्धतीची एक खोड आहे. दरवर्षी उरलेल्यातून काही टक्के कमी करत गेलात तर बाकी कितीही लहान होते, शून्य मात्र कधीच होत नाही. शंभर वर्षं गेली तरी पैशाचा कुठला तरी अंश शिल्लक राहतोच. इतका निष्ठुर हिशेब मांडणारं आयकर खातंसुद्धा वस्तूला मेलेली म्हणायला कचरतं. आपण मात्र एका चौकटीवरून निकाल देतो.

शिवाय 'टाकून द्या' या वाक्याला कर्ता आहे, कर्म आहे, पत्ता नाही. कुठे टाकून द्या? २०२२ या एका वर्षात जगानं ६ कोटी २० लाख टन विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक कचरा टाकला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. त्यातला रीतसर गोळा होऊन कामी लागल्याची नोंद झालेला भाग शेकडा २२ च्या आसपास. बाकीचा 'कुठेतरी' गेला. त्या कुठेतरीमध्ये कोणीतरी राहतं, आणि तांब्यासाठी केबली जाळते वेळी तो धूर त्याच्याच नाकात जातो. आपल्या सरकारनंही २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. हक्क म्हणजे काय, तर वस्तू विकत घेतली की तिचं पोट उघडण्याची, तिचे भाग मिळण्याची मुभा. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "त्याले समिती कायले पायजे?"

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. कोणाला घरी करायची असेल तर सांगतो, गुपित काही नाही. आधी मशीन आणि मॉनिटर दोन्हींच्या वायरी भिंतीतून काढायच्या. मग पेन्सिल घ्यायची. लाकडी नव्हे, ती टक-टक करून शिसं पुढे येणारी. शिसं काढून टाकलं की तिच्या टोकाला एक बारीक पोकळ नळी उरते. ती नळी वाकड्या पिनेवर टोपीसारखी चढवायची आणि अगदी हळूहळू उभी करायची. जोर लावायचा नाही. चिमट्यानं ओढायची नाही. आणि मुख्य म्हणजे मागे-पुढे, मागे-पुढे करत बसायचं नाही. धातू एकदा वाकतो, एकदा सरळ होतो. वारंवार तेच केलं की तो थकतो आणि तुटतो. तुटली की मग नवं टोक आणून एकेक तार डाख देऊन जोडायची. ते काम होतं, पण ते पेन्सिलीचं नव्हे.

आधी तेरावी उभी केली आणि लावून पाहिलं. चित्र आलं! घरात टाळ्या पडल्या. पण चित्र पिवळं होतं. पांढरं ते सगळं पिवळं, आकाश विचित्र, आणि पडद्यावरचा आमच्या सासऱ्यांचा फोटो पाहून सौ. घाबरलीच. निळा रंग नेणारी तिसरी पिन अजून भोकात नीट शिरत नव्हती, आणि पांढऱ्यातून निळं वजा केलं की पिवळं उरतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. काविळीवर पेन्सिलीचा उतारा असतो हे त्या दिवशी कळलं. तिसरी सरळ झाली, टोक न दडपता सरळ बसवलं, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे आवळले. एकूण वेळ दोन तास चाळीस मिनिटं. खर्च शून्य. पेन्सिलीचं शिसं परत घातलं.

कॉम्प्युटरची गोष्ट इथे संपली. पण मला एक खोड लागली. काहीही बंद पडलेलं दिसलं की मी आधी दोन्ही टोकं सोडून मधल्या जागेकडे पाहतो. आणि आमच्या मुलखात पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

कुऱ्हाड पाहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत ती घरोघरी सापडेल. दांडा मजबूत, पातं धारदार. ढिली होते ती मधली पाचर. लाकडाचा बोटभर तुकडा, पण तो निसटला की पातं एकीकडे आणि दांडा एकीकडे. मराठी भाषा मोठी बेरकी आहे. दोन वस्तू घट्ट धरून ठेवणारीही पाचर, आणि चाललेल्या कामात कोणी मोडता घातला की त्यानं 'पाचर मारली' असंही आपण म्हणतो. तुकडा तोच. कुठे ठोकला यावर सगळं अवलंबून.

आमचं जटपुरा गेट पाहा. गोंड राजांनी चंद्रपूरला परकोट बांधला, त्याला चार दरवाजे आणि काही खिडक्या ठेवल्या. त्या काळी हत्ती आरामात जात असतील. आता संध्याकाळी आतलं शहर बाहेर येऊ पाहतं आणि बाहेरचं आत. आतले रस्तेही जागेवर आहेत, बाहेरचेही. कोंडी होते ती कमानीत. तिथे अडकलेला प्रत्येक जण समोरच्याला सांगत असतो की चूक तुझी.

आणि पावसाळ्यातला पेपर पाहा. भामरागड हे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. पर्लकोटेला पूर आला, पुलावरून पाणी गेलं की मथळा ठरलेला : 'भामरागडचा संपर्क तुटला'. वर्षानुवर्षं हा मथळा वाचत आलो. कॉम्प्युटरची पिन सरळ करेपर्यंत तो मला खटकला नव्हता. संपर्क काय एकट्या भामरागडचा तुटतो? पूल मधला आहे. पुरात तो बुडाला तर आलापल्लीचाही संपर्क तुटला, चंद्रपूरचाही तुटला, नागपूर-मुंबईचाही तुटला. पण 'मुंबईचा संपर्क तुटला, शेकडो अधिकारी अडकले' असा मथळा कोणी छापत नाही. जोडणी मोडली की तुटल्याचा ठपका नेहमी दुबळ्या टोकावर बसतो. मॉनिटर बिचारा 'नो सिग्नल' म्हणतो, आणि आपण म्हणतो मॉनिटर गेला.

त्याच रस्त्यावर, नदीच्या अलीकडे हेमलकसा आहे. १९७३ साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. दवाखाना मांडला, पण पेशंट माडिया बोलणारा आणि डॉक्टर मराठी बोलणारे. आता 'नो सिग्नल' म्हणायला इथे उत्तम जागा होती. लोकच अडाणी आहेत म्हणून परत फिरता आलं असतं. ते माडिया शिकले. म्हणजे मधली वाकडी पिन त्यांनी आपल्या बाजूनं सरळ केली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण मला कारकुनी नजरेतून हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. एवढी मोठी माणसं होणं आपल्याला जमणार नाही, हे उघड आहे. पण मोठ्या गोष्टीची छोटी आवृत्ती आमच्या काउंटरवरही कधीकधी निघते.

मध्यंतरी एक म्हातारी आली. जंगलाकडच्या गावची. तिच्या खात्यात निराधारांच्या योजनेतले दरमहा दीड हजार येऊन पडत होते आणि केवायसीसाठी खातं थांबलं होतं. केवायसीसाठी अंगठा हवा. यंत्रावर अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागायचा आणि पडद्यावर यायचं : जुळत नाही. पुन्हा ठेवला. जुळत नाही. जुळणार कसा? उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचं एक पुडकं, अशी शेकड्यांनी पुडकी बांधायची. पावसाळ्यात चिखलात धानाची रोवणी. त्याआधी मोहफुलं वेचायची. एवढं करून जन्मभर बोटांवरच्या रेषा ज्यांनी खर्च केल्या, त्यांना आता शिल्लक दाखवा म्हणायचं.

म्हातारी मशीनकडे पाहून म्हणाली, "आंगठा तं माहाच हाये जी. थे वळखत नाही तं मी का करू?"

मी तेव्हापासून या वाक्याचा विचार करतो आहे. खात्यात पैसे होते. म्हातारी समोर उभी होती, हाडामासाची. सरकारनं पैसे दिले होते, तेही खोटं नव्हतं. दोन्ही टोकं ओके. आणि रांगेतला एक जण पुटपुटला, "हिचा अंगठा खराब आहे." पाहा, ठपका बरोबर दुबळ्या टोकावर बसला. यंत्र तिला ओळखत नाही असं कोणी म्हटलं नाही. अंगठा खराब!

आमच्या शाखेत एक जुना शिपाई आहे. दहावी नापास, पण त्याला या मशीनचा स्वभाव माहीत आहे. तो उठला. "माय, इकडे ये. नळावर हात धुऊन घेजो बरं. पुसजो, पण अगदी कोरडा नको करू." मग त्यानं स्वतःच्या शर्टाच्या टोकानं यंत्राची काच पुसली. एका अंगठ्यावर हट्ट न धरता एकेक बोट लावून पाहिलं. दहा बोटांतलं सर्वांत चांगलं जुळणारं बोट शोधण्याची सोय आधारच्या यंत्रणेनं स्वतःच ठेवली आहे. ती वापरायला कोणीतरी दहा बोटं धरायला लागतो, एवढंच. म्हातारीचं डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं. म्हातारी त्या बोटाकडे कौतुकानं पाहत राहिली. जन्मभर राबला उजवा हात, आणि ओळख पटवली ती डाव्यानं. शिपाई मला हळूच म्हणाला, "नसतं जुळलं तं कागदावर केलं असतं साहेब. कागदाचा रस्ता हाये ना."

होता. नियमात बहुतेक वेळा दुसरा रस्ता असतो. पण तो रस्ता दाखवणं हे काम मशीन बनवणाऱ्याचं नाही, नियम करणाऱ्याचं नाही, आणि म्हातारीचं तर नाहीच. ते मधलं काम आहे. आणि मधलं काम कोणाचं?

हा प्रश्न मी मास्तरांना विचारला. ते खूष झाले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी न्यायशास्त्रातलं काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "अहो, यावर आपल्या लोकांनी डोकं फोडून ठेवलंय. दोन वस्तू एकत्र आल्या की त्यांच्यात 'संयोग' होतो. वैशेषिकांनी त्याला गुण मानलाय, जसा रंग हा गुण. आता रंग एका वस्तूत राहतो. संयोग कुठे राहतो? तर दोन्हींत. एकात राहूच शकत नाही." मग ते झाडावर बसलेल्या माकडाच्या प्रसिद्ध उदाहरणाकडे वळले. माकड फांदीवर बसलंय, म्हणून झाडाशी त्याचा संयोग आहे. पण बुंध्याशी नाही. मग झाडाला माकड आहे म्हणायचं की नाही? इतक्यात समोरच्या छतावरच्या डिशवर खरोखरीच एक वानर येऊन बसलं आणि त्या घरातून टीव्ही गेल्याची हाक आली. शास्त्रचर्चा तिथे थांबली. माकडाचा संयोग डिशशी होता, ठपका टीव्हीवर आला.

संयोग दोघांचा, हे मला पटलं. पण दोघांचा म्हटलं की माणसं लगेच अर्धा-अर्धा करतात. मी माझी अर्धी पिन सरळ करतो, तू तुझी कर. पिन अर्धी सरळ होत नाही. इथे शास्त्र संपतं आणि बँक सुरू होते. आमच्याकडे दोघांनी मिळून कर्ज घेतलं तर दोघंही निम्म्या-निम्म्या रकमेला जबाबदार नसतात. दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. कागदावर शब्द असतात : संयुक्तपणे व पृथकपणे. १८७२ च्या करार कायद्यातच तशी तरतूद आहे. देणेकऱ्यांतल्या कोणाही एकाला धरून आख्खं कर्ज वसूल करता येतं. ज्यानं भरलं त्यानं नंतर दुसऱ्याकडे त्याचा हिस्सा मागावा. पण 'आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या' हे चालत नाही. कर्जदारांना हे कलम फार अन्यायाचं वाटतं. मला आता ते सगळ्या नीतिशास्त्राचं सार वाटतं. दोन घरांमधली नाली ज्याला आधी दिसली, ती आख्खी त्याची. दोन भावांमधलं बोलणं ज्याला आधी आठवलं, ते आख्खं त्याचं. म्हातारी ज्याच्या काउंटरवर उभी राहिली, मधली सगळी वाट त्याची. हिस्सा नंतर मागता येतो. बहुतेक वेळा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. बँकेलाही बुडीत खाती असतात.

म्हणजे सगळंच जपून ठेवावं, काहीच टाकू नये, असं मी म्हणत नाही. आमच्या माळ्यावर असं तत्त्वज्ञान पुष्कळ साचलंय. काही पिना खरंच तुटतात. काही दोनदा-तीनदा सरळ करून झालेल्या असतात. त्यांना चौथ्यांदा हात लावण्यात माया नसते, हट्ट असतो. काही माणसांतला संवाद असाच पुन्हा पुन्हा वाकवून मोडलेला असतो, आणि तिथे नवी तार जोडावी लागते, नाहीतर नमस्कार करून बाजूला व्हावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की टोकाला असलेल्याला मेला म्हणून जाहीर करण्याआधी मधली जागा उजेडात धरून पाहावी. टॉर्च लागतो. वेळ लागतो. बाकी काही लागत नाही.

माझ्या नियुक्तिपत्रात पदाचं नाव 'लिपिक' असं आहे. तिथे 'पिन' असं लिहिलेलं जास्त खरं झालं असतं. एका बाजूला आख्खी बँक, दुसऱ्या बाजूला आख्खा तालुका, आणि मध्ये आम्ही, तीन ओळींत उभे. यात कोण नवव्या क्रमांकाचा आहे ते सगळ्या शाखांना माहीत असतं. नव्या पदनामाबद्दल पगारवाढ मागायचा माझा विचार नाही. युनियननं फक्त एक मागणी लावून धरावी : वाकलेल्या पिनेला बदली करून पाठवू नये, सरळ करावं. आणि ते ज्याच्याकडे सोपवाल त्याला हळू हात चालवायला सांगा. आमच्यातले काही जण दोनदा सरळ करून झाले आहेत.